पिक हवा की पोरगा? एनएचएलच्या सौद्यांतली नेहमीची गल्लत

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, एखादा मोठा खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेला की बातमीचा साचा ठरलेला असतो: बदल्यात पहिल्या फेरीचा एक पिक आणि एक प्रॉस्पेक्ट. वाचणारे दोन्ही एकाच खात्यात टाकतात, पुढची तरतूद म्हणून. माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो. जोखीम दोन्हींत आहे, पण ती वेगवेगळ्या जागी दडलेली असते. ती जागा ओळखणारे व्यवस्थापक संघ उभा करतात, न ओळखणारे वर्षानुवर्षं हात चोळत बसतात.

आधी पिक म्हणजे काय ते पाहू. आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे आपल्याला लिलाव पाठ झालाय. ज्याची बोली मोठी, खेळाडू त्याचा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ३२ संघ सात फेऱ्यांत, ठरलेल्या क्रमाने, साधारण १८ वर्षांची मुलं निवडतात. तळाला राहिलेल्यांचा नंबर आधी लागतो. कुणी मुद्दाम हरू नये म्हणून प्लेऑफ हुकलेल्या १६ संघांमध्ये लॉटरी काढली जाते, त्यामुळे शेवटच्या संघालाही पहिल्या क्रमांकाची खात्री नसते. पिक म्हणजे या रांगेतली एक जागा. ही जागा पुढच्या वर्षीची असली, त्यापुढची असली, तरी आजच देऊन टाकता येते.

प्रॉस्पेक्ट म्हणजे त्या रांगेतून आधीच निवडला गेलेला मुलगा. त्याला नाव आहे, उंची-वजन आहे, ज्युनियर लीगमधली किंवा कॉलेजातली आकडेवारी आहे. त्याचे हक्क एका संघाकडे आहेत, पण एनएचएलमध्ये तो अजून टिकलेला नाही.

म्हणजे प्रॉस्पेक्ट घेताना तुम्ही एका मुलावर पैज लावता. पिक घेताना मुलगा कोण हे ठरलेलंच नसतं. पैज लागते ती पिक देणाऱ्या संघावर. तो संघ जितका आपटेल तितका तुमचा फायदा.

हे समजायला कोलोरॅडो अॅव्हलांचचा नोव्हेंबर २०१७चा सौदा पुरेसा आहे. त्याच्या आदल्या मोसमात कोलोरॅडोला ८२ सामन्यांत अवघे ४८ गुण मिळाले होते. त्यांचा बडा खेळाडू मॅट डुशेन याला संघ सोडायचा होता, हे सगळ्या लीगला माहीत होतं. व्यवस्थापक जो सॅकिक यांनी मात्र घाई केली नाही. मिळेल त्या भावात डुशेनला काढून टाका, म्हणून त्यांच्यावर टीका होत राहिली, आणि ते थांबून राहिले. ५ नोव्हेंबरला ब्रुकलिनमध्ये आयलँडर्सविरुद्धचा सामना चालू असतानाच, पहिल्याच सत्रात, डुशेन बर्फावरून निघून गेला. सौदा ठरला होता. त्यात ओटावा, नॅशविल आणि कोलोरॅडो असे तीन संघ होते आणि कोलोरॅडोच्या पदरात सात गोष्टी पडल्या. त्यांतल्या चार इथे कामाच्या: सॅम्युएल जिरार्ड, व्लादिस्लाव कामेनेव्ह आणि शेन बावर्स ही तीन तरुण पोरं, आणि ओटावाचा पहिल्या फेरीचा पिक.

ओटावाने हा पिक का दिला? कारण जेमतेम पाच महिन्यांपूर्वी हा संघ स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपासून एका गोलाच्या अंतरावर होता. पिट्सबर्गविरुद्धच्या मालिकेतला शेवटचा, सातवा सामना ते दुसऱ्या जादा सत्रात हरले होते. आपण मजबूत आहोत, आपला पिक रांगेच्या शेवटी कुठेतरी जाईल, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी एक अट घातली: २०१८चा पिक पहिल्या दहांत आला तर तो स्वतःकडे ठेवून २०१९चा देण्याची मुभा.

मग संघ कोसळला. २०१८मध्ये ओटावाचा पिक चौथा आला. त्यांनी तो ठेवला आणि ब्रॅडी टकाचकला घेतलं. या निर्णयाला मी कधीच नावं ठेवणार नाही. टकाचक पुढे त्यांचा कर्णधार झाला. पण त्या क्षणी २०१९चा पिक बिनशर्त कोलोरॅडोचा झाला. पुढच्या मोसमात ओटावा लीगमध्ये सगळ्यात शेवटी राहिला, आणि डुशेनलाही मोसम संपायच्या आत कोलंबसला पाठवून मोकळा झाला. लॉटरीत तो पिक घसरून चौथ्या क्रमांकावर आला, तरी चौथाच! स्वतः प्लेऑफ खेळलेल्या कोलोरॅडोने त्यावर बोवेन बायरम हा बचावपटू घेतला. २०२२मध्ये कोलोरॅडोने कप जिंकला तेव्हा बायरम त्या संघात होता.

आता त्याच सौद्यातल्या तीन पोरांकडे बघा. जिरार्ड २०१६च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ४७व्या क्रमांकावर गेला होता. सौद्याच्या वेळी १९ वर्षांचा, पण नॅशविलसाठी एनएचएलचे मोजके सामने खेळून झालेला. तो लगेच कोलोरॅडोच्या पहिल्या चार बचावपटूंत बसला आणि वर्षानुवर्षं तिथे राहिला. कामेनेव्ह दुखापतींनी बेजार झाला आणि पुढे रशियात परतला. आणि बावर्स? तो पहिल्या फेरीतला, २८वा पिक, निवड होऊन पाच महिनेही झाले नव्हते. कागदावर जिरार्डपेक्षा सरस. एनएचएलमधला त्याचा पहिला सामना उजाडला तो नोव्हेंबर २०२२मध्ये, आणि तिथे त्याचा जम बसलाच नाही.

मला यातला बावर्सचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुकताच निवडलेला मुलगा हा सौद्यातला सगळ्यात फसवा माल असतो. ड्राफ्टच्या रात्रीचं तेज त्याच्या नावाला अजून चिकटलेलं असतं, पण तो रांगेत कितवा गेला हे आता ठरलेलं असतं. पिकची किंमत उद्या २८वरून चौथ्या क्रमांकावर उडी घेऊ शकते. २८वा गेलेला मुलगा मात्र चौथा होत नाही, त्याला ते खेळून सिद्ध करावं लागतं. आणि उलट, जिरार्डसारखा मुलगा मोठ्या माणसांत खेळताना दिसलेला असेल, तर तो कितवा गेला होता याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा फरक घड्याळाचा. पिकला इच्छा नसते, आईवडील नसतात, एजंट नसतो. पोराला हे सगळं असतं. अमेरिकन कॉलेजात खेळणाऱ्या मुलाने ड्राफ्टनंतर करार न करता चारही वर्षं काढली, तर संघाचा हक्क संपतो आणि तो हवा तिकडे जाऊ शकतो, असा नियम होता. अॅडम फॉक्सचं उदाहरण घ्या. कॅलगरीने त्याला २०१६मध्ये ६६व्या क्रमांकावर घेतलं. तो हार्वर्डला खेळत होता आणि कॅलगरीशी करार करायच्या मनःस्थितीत नव्हता. २०१८मध्ये एका मोठ्या सौद्यात त्याचे हक्क कॅरोलायनाकडे गेले. तिथेही तेच. शेवटी २०१९मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सनी त्याला दुसऱ्या फेरीचा एक पिक आणि एक सशर्त पिक देऊन आणलं. तो मूळचा तिथलाच, लाँग आयलँडचा. २०२१मध्ये तो सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला. खेळाडू म्हणून त्याची किंमत कुठल्या कुठे होती, पण सौद्यात ती घड्याळाने पाडली होती.

कराराची बाजू थोडक्यात: एका संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० करार ठेवता येतात. करार झालेला प्रॉस्पेक्ट सहसा त्यांतली एक जागा अडवतो, पिक काहीच अडवत नाही. पगारमर्यादेला टेकलेले संघ म्हणूनच पिक सुट्ट्या पैशांसारखे वापरतात, आणि तेवढ्याच सहज उधळतातही.

मग घ्यावं काय? मी तरी समोरचा संघ बघून ठरवेन. समोरचा संघ म्हातारा होत चाललाय, पण व्यवस्थापकाला अजून कप दिसतोय, असं असेल तर पिक मागावा, आणि शक्यतो यंदाचा नव्हे, पुढच्या वर्षीचा. टोरँटोने १९८९मध्ये टॉम कर्व्हर्स या बचावपटूसाठी न्यू जर्सीला पहिल्या फेरीचा पिक दिला, तो १९९१चा होता. मधल्या काळात टोरँटो गडगडला, पिक तिसरा आला आणि न्यू जर्सीने स्कॉट नीडरमायर घेतला. त्याने पुढे त्यांना तीन कप जिंकायला मदत केली.

समोरचा संघ खरोखरच भक्कम असेल, तर त्याचा पिक रांगेच्या शेपटाला जाणार. तिथे पोरगाच मागावा, आणि त्या संघाला ज्याला खेळवायला जागा नाही असा. वॉशिंग्टनने एप्रिल २०१३मध्ये प्लेऑफच्या घाईत मार्टिन इरॅट आणि मायकेल लाटा यांच्यासाठी फिलिप फॉर्सबर्ग नॅशविलला देऊन टाकला. तो आदल्याच वर्षी ११वा निवडला गेलेला, १८ वर्षांचा मुलगा होता. नुकताच निवडलेला म्हणून माझ्या वरच्या म्हणण्याला तो अपवादच. पण नॅशविलने नाव पाहून नव्हे, तर स्वीडनमधला त्याचा खेळ नीट पारखून त्याला मागितलं असणार, असं मला वाटतं. आज त्या संघाच्या इतिहासात सर्वाधिक गोल फॉर्सबर्गच्याच नावावर आहेत.