डायलॉगमधील सरकता मजकूर

मोबाइल अ‍ॅपच्या मूळ स्क्रीनवर उघडणाऱ्या छोट्या चौकटीत, म्हणजे डायलॉगमध्ये, मजकूर मावत नसेल तेव्हा शीर्षक व बटणे जागच्या जागी ठेवून फक्त मधला मजकूर बोटाने वर-खाली सरकेल अशी केलेली रचना. अटी-शर्ती, योजनेची पात्रता, परवानग्या, नोंदीपूर्वीच्या सूचना अशा ठिकाणी ती लागते. ती नसेल तर मजकूर मध्येच कापला जातो, किंवा 'मान्य आहे' आणि 'रद्द करा' ही बटणे स्क्रीनखाली ढकलली जातात. दुसरा प्रकार अधिक वाईट. बाहेर टॅप करून बंद न होणारी चौकट असेल, तर माणूस तिथेच अडकतो.

अँड्रॉइडच्या अलर्टडायलॉग या तयार चौकटीला सेटमेसेज या आज्ञेने साधा मजकूर दिला तर वेगळे काही करावे लागत नाही. त्या चौकटीत स्क्रोलव्ह्यू, म्हणजे आतला मजकूर सरकवणारा घटक, आधीच बसवलेला असतो. आयफोनवर २०१४ साली आयओएस ८ सोबत आलेल्या यूआयअलर्टकंट्रोलर या तशाच तयार चौकटीतही लांब संदेश आपोआप सरकतो. अडचण सुरू होते ती स्वतःचा लेआउट, म्हणजे घटकांची मांडणी, लावल्यावर. मग अँड्रॉइडवर मजकूर दाखवणारा टेक्स्टव्ह्यू स्क्रोलव्ह्यूच्या आत ठेवावा लागतो. स्क्रोलव्ह्यूला थेट एकच घटक चालतो, म्हणून परिच्छेद, चित्र, चेकबॉक्स हे सारे आधी घटक ओळीने रचणाऱ्या एका लिनिअरलेआउटमध्ये गोळा करतात. बटणे मात्र स्क्रोलव्ह्यूच्या बाहेर राहतात आणि स्क्रोलव्ह्यूला वेट, म्हणजे जागेतला वाटा, देऊन उरलेल्या जागेतच बसवतात. टेक्स्टव्ह्यूलाच स्क्रोलिंगमूव्हमेंटमेथड ही सरकण्याची सोय लावण्याचा आडमार्गही आहे, पण त्यात बोटाने झटका दिल्यावर मजकूर पुढे धावत नाही. अ‍ॅप बनवण्याच्या इतर साधनांपैकी फ्लटरमध्ये सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू, जेटपॅक कंपोजमध्ये व्हर्टिकलस्क्रोल हे काम करतात. फ्लटरमध्ये ते विसरले तर चाचणीच्या वेळी कडेला पिवळे-काळे पट्टे दिसतात. प्रोग्रामरला एवढी उघड ताकीद दुसरीकडे क्वचितच मिळते.

ग्रामीण विदर्भात हा विषय नुसत्या कोडचा राहत नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे कास्तकार कपाशी, सोयाबीन, तुरीची नोंद वावरातून मोबाइलवर करू लागला, आणि अशा कोणत्याही अ‍ॅपमधली सूचना तो ज्या स्थितीत वाचतो ती बनवणाऱ्याच्या टेबलावर नसते. चष्मा घरी राहिलेला असतो, म्हणून फोनची अक्षरे मोठी केलेली असतात. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. देवनागरीत रफार, वेलांट्या वर आणि उकार खाली जात असल्यामुळे ओळीला उंचीही जास्त लागते. नेहमीच्या अक्षरांत नेमकी मावलेली चौकट अशा फोनवर हमखास ओसंडते. मराठी मजकूर, सर्वांत मोठी अक्षरे आणि लहान स्क्रीन एकत्र घेऊन पाहिल्याशिवाय चाचणी झाली असे म्हणू नये.

खाली आणखी मजकूर आहे हे कळणे हा वेगळाच प्रश्न. अँड्रॉइडची स्क्रोलपट्टी क्षणभर दिसून विरते. यवतमाळ-वर्ध्याकडच्या उन्हात ती बारीक करडी रेघ तशीही दिसत नाही. त्यात शेवटची ओळ चौकटीच्या कडेला पूर्ण संपली, तर मजकूर तिथेच संपला असे वाटते. सेतू केंद्रावरच्या ऑपरेटरला पुढचा भाग पाठ असतो. वावरात एकट्याने नोंद करणाऱ्याला नसतो. म्हणून फेडस्क्रोलबार्स ही पट्टी विरवणारी सेटिंग बंद करून पट्टी कायम ठेवावी आणि एखादी ओळ अर्धी कापलेली दिसेल अशी उंची निवडावी. बटणांच्या वर बारीक रेघ दिली तरी उपयोग होतो.

काही अ‍ॅपमध्ये शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय 'मान्य आहे' हे बटण चालू होत नाही. सरकवणे म्हणजे वाचणे नव्हे, त्यामुळे या युक्तीचा फायदा संशयास्पदच आहे. शिवाय तिच्यात एक खोड आहे: मजकूर चौकटीत पूर्ण मावला तर सरकवायला काही उरत नाही आणि बटण बंदच राहते. चौकट उघडताच कॅनस्क्रोलव्हर्टिकली या आज्ञेने सरकायला जागा आहे का ते विचारून, नसल्यास बटण लगेच चालू करावे लागते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. अशी सूचना दोन-तीन स्क्रीन लांब झाली, तर डायलॉगमध्ये तिचा सार देऊन पूर्ण मजकूर वेगळ्या पानावर ठेवणे बरे.