मुख्य परिणाम (घटकीय प्रयोग)

घटकीय प्रयोगात दोन किंवा अधिक घटकांच्या पातळ्यांच्या सगळ्या जोड्या एकाच वेळी तपासतात. त्यातल्या एका घटकाची पातळी बदलली की निष्पत्तीत जो फरक पडतो, त्याची बाकीच्या घटकांच्या सर्व पातळ्यांवर काढलेली सरासरी म्हणजे त्या घटकाचा मुख्य परिणाम. ही पद्धत शेतीतूनच पुढे आली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२६ साली तिची बाजू मांडली आणि फ्रँक येट्स यांनी १९३७ मध्ये तिची आकडेमोड तपशिलाने बसवून दिली.

खान्देशात रावेर-यावलच्या केळीपट्ट्याचे उदाहरण घेऊ. घटक दोन: पाणी (पाटाने की ठिबकने) आणि पालाश म्हणजे पोटॅश खत (कमी की जास्त). समजा, घडाचे सरासरी वजन असे भरले: पाटपाणी व कमी पालाश १६ किलो, पाटपाणी व जास्त पालाश १७, ठिबक व कमी पालाश १८, ठिबक व जास्त पालाश २५. जास्त पालाशची सरासरी २१, कमीची १७. म्हणून पालाशचा मुख्य परिणाम ४ किलो. ठिबकची सरासरी २१.५ आणि पाटपाण्याची १६.५, म्हणजे पाण्याचा मुख्य परिणाम ५ किलो.

आता हा ४ किलोचा आकडा नीट पाहावा. पाटपाण्यावर जास्तीच्या पालाशने एकच किलो वाढ दिली, ठिबकवर सात. चार किलो वाढ कोणत्याच बागेत झालेली नाही. पालाशचा गुण पाण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. यालाच आंतरक्रिया म्हणतात. ती मोठी असेल तर मुख्य परिणाम एकटा सांगू नये, चारही सरासऱ्या द्याव्यात. ज्याची सगळी बाग ठिबकवर आहे, त्याला ‘पालाशने चार किलो वाढतात’ हा सल्ला अपुराच ठरतो.

उलट टोकही संभवते. कपाशीचे एक वाण कोरडवाहूत एकरी दोन क्विंटलने सरस आणि दुसरे बागायतीत तेवढ्यानेच सरस निघाले, तर वाणाचा मुख्य परिणाम शून्य येतो. म्हणून वाण कोणतेही लावा, असे मुळीच नाही.

आंतरक्रिया नगण्य असेल तेव्हा मात्र या रचनेचा फायदा मोठा. १६ प्लॉटांत प्रत्येक जोडीला चार दिले, तर पालाशची तुलना आठ विरुद्ध आठ अशी होते आणि पाण्याचीही. एकेक घटक स्वतंत्रपणे बदलून तेवढीच अचूकता हवी असेल, तर २४ प्लॉट लागतील. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत जमीन बदलत जाते, तेव्हा एकसारख्या जमिनीचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही जोड्या चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. मृगबाग (जून-जुलैची लागवड) की कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड) हा तिसरा घटक जोडला, तर जोड्या आठ होतात.

प्लॉटांची संख्या असमान झाली की खरी फसगत होते. मे-जूनच्या वादळात निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागा आडव्या होतात. समजा, ठिबक व जास्त पालाशच्या चारपैकी तीन प्लॉट गेले आणि उरलेल्या एकाचे वजन २५ किलोच आहे. आता जास्त पालाशच्या पाच प्लॉटांची सरळ सरासरी १८.६ येते आणि फरक ४ वरून १.६ वर घसरतो. पालाशचा गुण तोच आहे. सरासरीत पाटपाण्याच्या प्लॉटांचा वाटा वाढला आहे, एवढेच. अशा वेळी आधी प्रत्येक जोडीची सरासरी काढून मग त्या सरासऱ्यांची सरासरी घ्यावी, म्हणजे ४ परत मिळतो. एका प्लॉटवर उभ्या असलेल्या त्या आकड्यात अनिश्चितता मात्र वाढलेली असते.

संगणकावरही सावध राहावे. घटकांना ०-१ असे संकेतांक देऊन आंतरक्रियेसह समीकरण बसवले, तर पालाशसमोर दिसणारा गुणांक मुख्य परिणाम नसतो. पाटपाणी ० धरले असेल, तर तिथे १ दिसेल, म्हणजे फक्त पाटपाण्यावरचा फरक. संकेतांक उणे १ आणि अधिक १ असे दिले, तर गुणांक २ येतो. त्याची दुप्पट म्हणजे मुख्य परिणाम.