डावखुरेपणा आणि मुलांचं वाचन

डावखुरं मूल वाचायला मागे पडतं हा समज शाळांमधे अजून ऐकू येतो, आणि त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही कारण त्यामागे एकेकाळचं विज्ञानच आहे. १९२५ मधे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सॅम्युअल ऑर्टन नावाच्या डॉक्टरने वाचता न येणारी पण बाकी हुशार असलेली मुलं तपासली, त्यातली बरीच मुलं अक्षरं उलटी वाचत होती आणि काहींचा नक्की कुठला हात पुढे तेच ठरत नव्हतं. त्यावरून त्याने मांडलं की मेंदूच्या कुठल्याच बाजूने पक्का ताबा घेतला नाही की अक्षराचं सुलटं आणि उलटं चित्र एकमेकांत मिसळतं. कल्पना छान होती, पण टिकली नाही. डिस्लेक्सियात (बाकी हुशार मुलाला वाचन जड जातं ती अवस्था) मुख्य अडचण डोळ्यांपेक्षा आवाजांची असते, म्हणजे शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणं जड जातं, असं आता बहुतेक संशोधक मानतात. उलटी अक्षरं तर पाच-सहा वर्षांची कितीतरी उजवी मुलंपण काढतात की.

मेंदूचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. जगात साधारण १० टक्के लोक डावखुरे, आणि त्यातल्याही ७० टक्के लोकांची भाषा उजव्या माणसांसारखीच मेंदूच्या डाव्या बाजूला असते. डिस्लेक्सिया असलेल्यांत डावखुरे किंचित जास्त सापडतात असं काही अभ्यासांत दिसलं, पण फरक इतका बारीक की एखाद्या मुलाचा हात बघून त्याच्या वाचनाबद्दल काहीच सांगता येत नाही.

मग शिक्षकांना दिसतं ते काय? बऱ्याचदा ते लिहिणं असतं, वाचन नाही. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते त्यामुळे डावा हात आत्ताच लिहिलेल्या अक्षरावरच येतो, पाटीवर तर पुसूनच टाकतो, शाई असेल तर फासतो, आणि शिरोरेघ ओढताना उजवा हात पेन्सिल ओढत नेतो तिथे डाव्याला ती ढकलावी लागते. वही थोडी उजवीकडे तिरकी केली, बाकावर डाव्या टोकाला बसवलं की निम्मी कटकट जाते. हात बदलायला लावून वाचन सुधारत नाही, आणि घ-ध, भ-म मधे मूल दुसरी-तिसरीतही अडकत असेल तर हात कुठलाही असो, वाचनाची वेगळी तपासणी करावी लागते.