टेस्ला कॉइलचा फॉर्मर आणि ओल

टेस्ला कॉइल म्हणजे हवेत मोठ्या ठिणग्या सोडणारं यंत्र. तिची उंच सेकंडरी (जास्त व्होल्टेजची वायरची गुंडाळी) ज्या पोकळ नळ्यावर गुंडाळतात त्याला फॉर्मर म्हणतात, वाइंडिंगवाल्यांच्या तोंडी फॉर्मा. हा नळा कशाचा आहे आणि त्याच्या आत-बाहेर ओल किती आहे यावर ठिणगी किती जोमदार निघणार ते बरंचसं ठरतं. मुंबईत तर मी म्हणेन की नळ्यापेक्षा ओलीची काळजी आधी करा, कारण इथे जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणी असतं आणि समुद्राचा खारेपणा बाराही महिने.

निकोला टेस्लाने १८९१ साली पेटंट घेतलेली ही कॉइल म्हणजे लोखंडी गाभा नसलेला, रेझोनन्सवर चालणारा ट्रान्सफॉर्मर. हौशी लोकांच्या सेकंडरीला साधारण ८०० ते १५०० वेढे असतात, बारीक इनॅमल वायरचे, आणि ती बहुधा १०० ते ४०० किलोहर्ट्झच्या आसपास झुलते. खालचं टोक अर्थिंगला, वरचं टोरॉइडला (माथ्यावरचं धातूचं जाड कडं), म्हणजे दोन-तीन फुटांच्या नळ्यावर तळाशी जवळपास शून्य आणि माथ्यावर लाखो व्होल्ट. झोपाळ्याला वेळेवर धक्के दिले की झोका चढत जातो (हाच रेझोनन्स), पण कोणी पाय घासत बसलं तर चढत नाही, तसंच इथे. नळ्यात किंवा त्याच्या अंगावरच्या ओलीत जी ऊर्जा उष्णता होऊन जाते ती म्हणजे हा घासणारा पाय. हे मोजायचं माप म्हणजे क्यू, तो जितका जास्त तितकी ऊर्जा कमी वाया जाते. सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र) आणि ऑसिलोस्कोप (व्होल्टेज पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी बघायची, मग दोन्ही बाजूंना व्होल्टेज ७१ टक्क्यांवर कुठे येतं ते बघायचं, रेझोनन्सच्या फ्रिक्वेन्सीला या दोन जागांमधल्या अंतराने भागलं की क्यू मिळतो. २०० किलोहर्ट्झला हे अंतर १ किलोहर्ट्झ आलं तर क्यू २००.

आता मटेरियल. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन हे सगळ्यात चांगले, त्यांच्यात लॉस अगदी नगण्य. पीव्हीसी आणि अ‍ॅक्रिलिक त्यांच्यापेक्षा कित्येक पटींनी वाईट, आणि त्यामुळे पीव्हीसी वापरूच नये असा एक समज हौशी मंडळींमध्ये बरीच वर्षं होता. पण लॉसचा आकडा वाईट असला तरी कॉइलचं विद्युतक्षेत्र बहुतेक हवेत असतं, नळ्याच्या पातळ भिंतीत त्यातला थोडाच भाग येतो, म्हणून कोरड्या पीव्हीसीने जो तोटा होतो तो तांब्याच्या रेझिस्टन्समध्ये आणि खुद्द ठिणगीत जाणाऱ्या ऊर्जेपुढे किरकोळ असतो. वायर लोहार चाळीतून, बाकी सामान लॅमिंग्टन रोडवरून आणि नळा कोपऱ्यावरच्या प्लंबिंगच्या दुकानातून आणलात तरी कॉइल झकास चालते. फक्त काळा नळा घेऊ नका, त्यात रंगासाठी कार्बन असू शकतो.

पुठ्ठ्याचा नळा मात्र वेगळा. पावसात पापड सादळतो तसा पुठ्ठा सादळतो, लाकूडही तसंच, आणि आत शिरलेलं पाणी क्यू सरळ खाली आणतं. हिवाळ्यात छान चाललेली पुठ्ठ्याची कॉइल जुलैमध्ये मरगळते ती यामुळेच. असा नळा वापरायचाच असेल तर आधी पूर्ण वाळवा, खोक्यात तापणारा जुना पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) लावून दोन-तीन दिवस ठेवला तरी चालतं, आणि गरम असतानाच आतून-बाहेरून वार्निश मारा. ओला नळा वार्निश केलात तर ओल कायमची आत कोंडली.

प्लास्टिक पाणी पीत नाही, तिथे त्रास पृष्ठभागाचा. नळ्यावर हाताच्या घामाचं किंवा खाऱ्या हवेचं मीठ बसलेलं असतं, दमट हवेत त्या मिठाला पाणी सुटतं (भरणीतल्या मिठाला सुटतं तसंच) आणि वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. मग ठिणगी टोरॉइडवरून हवेत जायच्या ऐवजी वेढ्यांवरूनच खाली पळते. गंमत म्हणजे दमट हवा स्वतः कमजोर नसते, उलट वाफेमुळे तिला फोडायला थोडं जास्तच व्होल्टेज लागतं, फुटतो तो ओला पृष्ठभाग.

म्हणून गुंडाळण्याआधी नळ्यावरची छापील अक्षरं पॉलिश पेपरने घालवा, स्पिरिटने पुसा, नंतर उघड्या हाताने धरू नका. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, तेव्हा वाळवताना बेताचीच उष्णता द्या. वायर गुंडाळून झाली की इन्सुलेटिंग वार्निशचे पातळ पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. भर पावसात हे काम करू नये, वार्निश दुधाळ पडलं तर समजा ओल अडकली. नळ्याला भोकं पाडू नयेत, आत वायर किंवा बोल्ट नको, दोन्ही तोंडं बंद करावीत, नाहीतर ठिणगी आतून उतरते.

वेढ्यांवर एकदा काळी रेघ उमटली की ती कार्बनची असते आणि पुढची प्रत्येक ठिणगी तीच वाट धरते. वरून वार्निश मारून ती जात नाही. सप्लाय काढा, कपॅसिटर (कॉइलसाठी वीज साठवणारा भाग) डिस्चार्ज करा (चार्ज राहिलेला कपॅसिटर जीव घेऊ शकतो), मग ब्लेडने रेघ पूर्ण खरवडा, कापसावर स्पिरिट घेऊन कापूस पांढरा राहीपर्यंत पुसा आणि मगच नवा हात द्या. इनॅमल जळून तांबं दिसत असेल तर तेवढे वेढे काढून नव्याने घालावे लागतात.