विलाप आणि कुरकुर: दिसायला सारखी, पण एक नव्हे

गेल्या पावसाळ्यात एका घरी सांत्वनसभेला गेलो होतो. घरातला कमावता मुलगा गेलेला. दोन गीतं झाली, शास्त्रवाचन झालं, आणि 'कुणाला प्रार्थना करायची असेल तर करा' असं पाळकांनी म्हणताच भिंतीला टेकून बसलेली मावशी उठली. मुलाची आई. पदर डोक्यावर घेतला, डोळे उघडेच ठेवले आणि म्हणाली, "देवा, तुला दुसरं घर दिसलं नाही का रे?" पुढे तिला बोलवेना. शेजारच्या काकांनी दबक्या आवाजात तिला खाली बसवलं, "असं म्हणू नये, ताई. कुरकुर देवाला चालत नाही."

काकांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल कुरकुर न करता सगळं करा असं सांगतो, आणि रानात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांचं काय झालं हेही तो करिंथकरांना बजावतो. चूक एवढीच की मावशीची ती कुरकुर नव्हतीच. तो विलाप होता. दोन्हींत दुःख असतं, दोन्हींत तक्रार असते, कडू शब्दही दोन्हींत सापडतात. म्हणून मंडळीत यांची गल्लत सर्रास होते, आणि गप्प बसवलं जातं ते बहुतेक वेळा विलाप करणाऱ्यालाच.

दोन्ही एकाच ठिकाणी बघायची असतील तर बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ११ वा अध्याय काढावा. मिसरातून सुटून आलेले लोक रोजच्या मान्न्याला, रानात देवाने पुरवलेल्या अन्नाला, कंटाळलेत. मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या होत्या, खरबुजं होती, कांदे होते, लसूण होता, अशी उजळणी चालली आहे. जो तो आपापल्या डेऱ्याच्या दाराशी बसून रडतोय. 'फुकट' हा शब्द जरा चाखून बघा. हे लोक तिथे वेठबिगार होते, विटा पाडत होते! गुलामी विसरली, लसूण तेवढा लक्षात राहिला.

त्याच अध्यायात, लगेच पुढे, त्यांचा पुढारी मोशे तोंड उघडतो. त्याचं बोलणं लोकांपेक्षा सौम्य असेल असं वाटतं, पण ते जास्तच धारदार आहे. माझ्यावर हे संकट का आणलंस? या सगळ्या लोकांना काय मी पोटात वाढवलं, मी जन्म दिला, म्हणून दाई तान्ह्याला नेते तसं यांना उराशी धरून ने म्हणतोस? एवढ्या लोकांना मांस कुठून आणू? मला असंच वागवणार असशील तर सरळ मारून टाक. इतकं तर डेऱ्याच्या दाराशी बसलेलं कुणी बोललं नव्हतं.

आणि निकाल? लोकांना लावे पक्षी मिळाले, रग्गड मिळाले, पण मांस दातांत असतानाच त्यांच्यावर मरी आली. मोशेला शब्दभरही दटावणी नाही. ओझं वाटून घ्यायला ७० वडील निवड, असं देव त्याला सांगतो. म्हणजे फरक शब्दांच्या धारेत नाही. लोक देवाला ऐकू जाईल असं रडत होते, पण देवाशी बोलत नव्हते. मोशे बोलत होता.

मराठी व्याकरणात सांगायचं तर विलाप द्वितीय पुरुषी असतो: 'तू कुठे आहेस?' कुरकुर तृतीय पुरुषी: 'त्याने आपल्याला इथे मरायला आणलंय.' अनुवाद या पुस्तकात (१:२७) मोशे लोकांना हेच ऐकवतो. तुम्ही डेऱ्यांत बसून कुरकुरलात आणि म्हणालात की परमेश्वर आमचा द्वेष करतो म्हणूनच त्याने आम्हांला मिसरातून काढलं. यात प्रश्न कुठेच नाही. देवाच्या मनात काय आहे ते आधीच ठरवून टाकलंय, आता फक्त शेजारच्या डेऱ्यात कळवायचं बाकी. विलापात 'का' आणि 'कोठवर' हे खरोखरचे प्रश्न असतात, विचारणारा उत्तरासाठी थांबलेला असतो.

आपला 'कुरकुर' हा शब्द आवाजावरून आलाय, जुन्या खाटेचा किंवा दाराच्या बिजागरीचा असतो तसा. नव्या करारातला ग्रीक शब्द 'गोंगुस्मॉस' हाही तसाच, घशातल्या घशात घुमणारा. आवाज सतत चालू, पण कुणाला उद्देशून नाही.

विलापाला मात्र घडण असते. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची धरतात. त्यातलं १३ वं सगळ्यांत आटोपशीर, अवघी सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' येतं: कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील. पुढच्या दोन वचनांत मागणं: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. शेवटच्या दोन वचनांत एकदम 'मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय' आणि गाण्याची भाषा. मधे काय घडलं? शत्रू पळाला असं कुठेही म्हटलेलं नाही. परिस्थिती तीच, फक्त ती सांगून झाली.

आठवणींचाही फरक आहे. डेऱ्यातल्यांची आठवण सोयीची, मिसराला रंग चढवणारी. ७७ व्या स्तोत्रात माणूस रात्रभर तळमळतोय, देव दया करायचं विसरला काय असं थेट विचारतोय, आणि मग मुद्दाम समुद्र दुभंगल्याची गोष्ट आठवत बसतो. मिसर दोघांनाही आठवतं. एकाला तिथली भाकरी आठवते, दुसऱ्याला तिथून झालेली सुटका.

पण प्रत्येक विलाप भरवशावर जाऊन थांबतो असंही नाही. ८८ वं स्तोत्र बघा. रात्रंदिवस हाक मारली, जिवलग दूर झाले, आणि इब्री मुळात शेवटचा शब्द 'अंधार'. पुढे काही नाही. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलंय, कारण त्याची सुरुवात 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा' अशी आहे. आपल्याकडे २३ आणि १२१ पोरासोरांना पाठ असतात. ८८ वं सभेत वाचलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. स्तुतीच्या गीतांनीच सभा भरून काढायची सवय लागली की रडणाऱ्याला आपली भाषा बाहेर ठेवून आत यावं लागतं.

आता एक गैरसमज. कुरकुर म्हणजे हालअपेष्टांतली गोष्ट असं वाटतं, पण ती आशीर्वादातच जास्त माजते. मान्ना रोज पडत होता, न पेरता. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात पहाटेपासून राबलेल्या मजुरांना ठरलेला दिनार पुरा मिळाला, कुणी पैसा कापला नाही. तरी ते धन्यावर कुरकुरले, कारण संध्याकाळी आलेल्यालाही तेवढाच मिळाला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या थोरल्या भावाचंही तेच. सगळी इस्टेट त्याचीच, आणि करडू मिळालं नाही म्हणून तो अंगणात रुसून उभा. विलाप गमावलेल्याचा असतो. कुरकुरीला काही गमवावंच लागतं असं नाही, शेजाऱ्याच्या ताटात डोकावलं तरी भागतं.

इथवर वाचून कुणी 'कुरकुर करू नका' हे वाक्य काठीसारखं वापरायला निघेल, म्हणून प्रेषितांची कृत्ये ६ वा अध्यायही उघडावा लागतो. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा डावलल्या जात होत्या, म्हणून कुरकुर सुरू झाली. मुळात शब्द तोच, गोंगुस्मॉस. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही. त्यांनी सात माणसं नेमली आणि वाटप सुधारलं. निर्गम या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायातही तहानेने कासावीस लोक मोशेवर उखडले तेव्हा आधी खडकातून पाणी आलं. त्या जागेला मस्सा (परीक्षा) आणि मरीबा (भांडण) अशी झोंबणारी नावं पडली खरी, पण घसा कोरडा असणं हा गुन्हा ठरला नाही. ज्याचा हिस्सा खरोखर बुडालाय त्याच्या बोलण्याला कुरकुर म्हणणं सोपं असतं, विशेषतः पळी आपल्या हातात असेल तर.

ओळखण्यात चूक याजकांचीही झालेली आहे. शिलो इथल्या मंदिरात हन्ना नावाची निपुत्रिक बाई मुलासाठी रडत मनातल्या मनात प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते. एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. तिने सांगितलं, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. एलीचं एक मानलं पाहिजे, त्याने लगेच शब्द फिरवला आणि तिला शांतीने जा म्हणाला.

मराठी माणसाला तर देवाशी भांडणं नवीन नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाला काय काय बोलले आहेत, आणि तेही 'तू' म्हणून. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. त्या पुलावर हा भांडायचा हक्कही असणार, असं मला नेहमी वाटतं. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांतला चौथा, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', हा २२ व्या स्तोत्राचा आरंभ. उत्तम शुक्रवारी आपण तो उभ्याने ऐकतो.

त्या दिवशी पाळक काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि १३ वं स्तोत्र वाचलं, सावकाश. चौथ्या 'कोठवर'ला मावशीने मान वर केली. सभा संपल्यावर तिने विचारलं, "हे आपल्या पवित्र शास्त्रातलं आहे?" मग चष्मा नव्हता म्हणून सुनेला पान दुमडून ठेवायला सांगितलं.

बाहेर ओट्यावर चहा फिरत होता. काका कप घेऊन माझ्याजवळ सरकले आणि आत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सभा आधीच लांबली होती. त्यात पाळकांना हेच स्तोत्र सापडलं?"