फ्लॅप वर उचलण्याची जुनी युक्ती

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावर प्रवासी विमानं उतरू लागली, आणि उलवे-पनवेलकरांना पंखांमागे खाली आलेले फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेचे हलते पट्टे, जवळून दिसू लागले. पाहणाऱ्याचा समज होतो की फ्लॅप म्हणजे चढ-उताराचं काम. वर गेल्यावर मिटायचे आणि विसरायचे. छोट्या विमानांचा इतिहास थोडा वेगळा आहे.

सुरुवात उतरण्या-उडण्याच्या अडचणीतूनच झाली, हे खरं. पंखाची मागची कड खाली वळवली की त्याचा बाक वाढतो आणि कमी वेगातही भार उचलला जातो. १९१७ च्या फेअरी कंपनीच्या ‘हॅम्बल बेबी’ या सागरी विमानात ही सोय होती. हारलन फाउलरने मागे सरकत खाली येणारा फ्लॅप १९२४ मध्ये काढला, तरी छोट्या विमानांना त्याची घाई नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले त्या ‘पुस मॉथ’ विमानाला फ्लॅप नव्हतेच. वेग कमी करायला चाकांच्या दांड्यांवरची आवरणं ९० अंशांत फिरवून वाऱ्याला आडवी करायची! जुगाडच, पण चालायचा.

क्रूझचा, म्हणजे वर गेल्यावरच्या सरळ, स्थिर उड्डाणाचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९३० च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकेच्या नाका (नासाची पूर्वज) संस्थेने असे पंखछेद, म्हणजे पंखाच्या आडव्या कापाचे आकार, बनवले की त्यांच्या पुढच्या बऱ्याच भागावरून हवा न खळबळता सरकते. ओढ, म्हणजे हवेचा विरोध, खूप घटते. पण पंखावरच्या भाराच्या एका अरुंद पट्ट्यातच. आलेखात तिथे बादलीसारखा खळगा दिसतो. वेगात जाताना पंखाला कमी बाक पुरतो, सावकाश जाताना जास्त लागतो, आणि पंख तर एकच. मग फ्लॅप किंचित वर उचलून तो खळगा वेगाच्या बाजूला सरकवायचा, किंचित खाली करून उलट बाजूला.

याचा पुरेपूर फायदा आधी ग्लायडरवाल्यांनी उठवला. फायबरग्लासमुळे पंख हवे तितके गुळगुळीत होऊ लागले आणि जर्मनीत वोर्टमान यांनी खास फ्लॅपसाठीचे पंखछेद रचले. गरम हवेच्या झोतात घिरट्या घालताना फ्लॅप खाली, पुढच्या झोताकडे धाव घेताना वर. वैमानिकाचा हात दिवसभर दांड्यावर.

इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी १९८१ हे वर्ष महत्त्वाचं. नासाच्या लँग्ली केंद्रातून डॅन सोमर्स यांचा पंखछेद प्रसिद्ध झाला. मागचा २५ टक्के भाग फ्लॅपचा, आणि तो १० अंश वर ते १० अंश खाली हलवून तपासलेला. लँकेअरच्या घरी जुळवायच्या विमानांनी तोच उचलला. पुढे आरव्ही-१० या छोट्या विमानात क्रूझला ३ अंश वर, सीटीएसडब्ल्यू या हलक्या विमानात तर १२ अंश वर अशी जागा आली. आणखी एक लाभ होतो: बाकदार पंख नाक खाली ढकलतो, ते सावरायला शेपटी खाली दाबावी लागते आणि तो दाबही पंखालाच पेलावा लागतो. फ्लॅप वर गेला की हे ओझं हलकं होतं. मात्र स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख भार उचलू शकत नाही तो वेग, वाढतो. वेग कमी करण्याआधी फ्लॅप परत आणायलाच हवा.

मोठ्या जेटमध्ये या कल्पनेची वाट वाकडीच होती. ४ एप्रिल १९७९ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं बोइंग ७२७ सुमारे ३९,००० फुटांवरून गरगरत कोसळलं आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर सावरलं. कोणी दगावलं नाही. क्रूझमध्ये फ्लॅपच्या नियंत्रणांशी चाळा केल्याचा ठपका चौकशी मंडळाने वैमानिकांवर ठेवला. त्यांनी तो नाकारला. आता ७८७ आणि ए३५० मध्ये संगणकच क्रूझमध्ये फ्लॅप अंशाअंशाने हलवतो, वैमानिकाने हात लावायचा प्रश्न नाही.

प्रशिक्षणाच्या सेसना १७२ वर मात्र हा प्रयोग नको. तिच्या पॅनेलवर फ्लॅपच्या खाचा १०, २०, ३० अंशांच्या; शून्याच्या वर खाचच नाही. क्रूझमध्ये १० अंश ठेवले तर ओढ वाढते आणि वेग घटतो. तिथे वेग वाढवायचा तर वजन नीट विभागणं, योग्य उंची निवडणं आणि इंधन-हवेचं मिश्रण विरळ करणं, एवढंच वैमानिकाच्या हाती उरतं.