बॅकलॅश की फ्लेक्स? माप एकच चुकतं, कारणं दोन

घरी जमवलेल्या सीएनसी मिलवर (संगणकाच्या हुकमावर कापणाऱ्या यंत्रावर) २० मिलिमीटरची गोल चकती कापली. व्हर्निअर एका बाजूने १९.८ दाखवतो, दुसऱ्या बाजूने २०.१. जाणकाराला विचारावं तर उत्तर तयार असतं: "प्ले आहे, बॉलस्क्रू टाक." बॉलस्क्रू म्हणजे ज्याच्या नटात पोलादी गोळ्या फिरतात असा कमी ढिलाईचा स्क्रू. मी टाकला. चकती तशीच अंडाकृती आली, कारण माझ्या मशीनचं दुखणं प्ले नव्हतंच, फ्लेक्स, म्हणजे भाग वाकणं, होतं.

बॅकलॅश, म्हणजेच प्ले, म्हणजे ढिलाई. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर नट फिरायचा तर त्याच्या आणि स्क्रूच्या आट्यांत थोडी फट लागतेच. दिशा उलटली की मोटर फिरते, स्क्रू फिरतो, पण ती फट भरेपर्यंत टेबल जागचं हलत नाही. ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटरला उलटी खबर देणारं काही नसतं, त्यामुळे तिला हुकूम देणारा कंट्रोलर समजतो की आपण पोचलो. ही चूक फक्त दिशा बदलताना होते आणि तिचा आकडा साधारण ठरलेला असतो, मग कटर ॲल्युमिनियममध्ये असो की हवेत.

फ्लेक्समध्ये फट कुठेच नसते. सगळं घट्ट असतं, पण जोर आला की वाकतं आणि जोर गेला की परत येतं. हवेत मशीन बिनचूक चालतं. खोल काप घेतला की चूक वाढते, हलका घेतला की कमी होते.

डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं साधन) लावून बसलं की दहा मिनिटांत निकाल लागतो. गेजचा टोक टेबलाला टेकवा आणि ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यांनी एकाच दिशेने सरकवा. काटा दर क्लिकला नेमाने पुढे जातो. आता उलटे फिरा. पहिली क्लिक: मोटरचा आवाज येतो, काटा ढिम्म. दुसरी: काटा अर्धवट हलतो. तिसरीपासून पुन्हा नीट. म्हणजे ०.१५ कुठेतरी गिळलं गेलं. हा बॅकलॅश.

मग मोटरला वीज चालू ठेवून गेज कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या नाकाला लावा आणि अंगठ्याने दाबा. काटा सरकला आणि हात काढताच शून्यावर आला, तर फ्लेक्स. जिथे सोडला तिथेच राहिला, तर ढिलाई. माझ्याकडे काटा ०.१५ जाऊन मुकाट्याने परत येत होता, आणि मी नव्या बॉलस्क्रूकडे बघत होतो!

कापलेला जॉबही बोलतो. बॅकलॅश असेल तर वर्तुळावर चार ठिकाणी, जिथे एखादा अक्ष उलटतो तिथे, बारीक पायरी किंवा सपाटी दिसते. फ्लेक्स असेल तर भिंत वरून खाली तिरपी येते. तोच प्रोग्रॅम काही न बदलता पुन्हा चालवून बघा: दुसऱ्या फेरीतही कीस निघाला तर पहिल्या वेळी कटर मागे वाकला होता.

उपाय इथे फुटतात. बॅकलॅशला स्प्रिंगवाला दुहेरी नट किंवा बॉलस्क्रू. लिनक्ससीएनसीसारख्या कंट्रोलरमध्ये आकडा भरून भरपाई करता येते; मूळ जीआरबीएल या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये ती सोय नाही. पण ही भरपाई फट बुजवत नाही. क्लाइंब मिलिंगमध्ये, म्हणजे कटरचे दात टेबल सरकतं त्याच दिशेने कापतात तेव्हा, कटर टेबलाला त्या फटीत ओढतोच.

फ्लेक्सला मात्र जाडी आणि आखूडपणा लागतो. मशीनचे भाग ज्यांवर सरकतात तसा ३०० मिलिमीटर लांब, ८ मिलिमीटर जाड पोलादी रॉड दोन टोकांना टेकवून मध्ये एक किलोचा भार दिला, तर तो सुमारे ०.१४ मिलिमीटर वाकतो. तोच रॉड १६ मिलिमीटरचा घेतला की ०.००९, कारण जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळा पट होतो. कटर कोलेटमधून (त्याला धरणाऱ्या पकडीतून) दुप्पट बाहेर काढला तर तो आठ पट वाकतो. इथली दुरुस्ती तर फुकट आहे. ८ मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात तेवढं पुढे नेणारा) स्क्रू आणि १/१६ मायक्रोस्टेप (मोटरच्या एका पावलाचे सोळा भाग) मिळून एका पावलाला ०.००२५ मिलिमीटर येतं म्हणून खूश होणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मी जाड, खालून आधार असलेले रॉड घातले तेव्हा चकती गोल आली. जुना पितळी नटही चालला असता.

एक जागा फसवी आहे. मोटर आणि स्क्रू जोडणारं सर्पिल खाचांचं कपलिंग स्क्रूच्या दिशेने स्प्रिंगसारखं ताणतं-दबतं, शिवाय मोटरच्या शाफ्टलाही पुढे-मागे थोडी हालचाल असते. स्क्रूच्या टोकाला त्याचा पुढे-मागचा जोर पेलणारं थ्रस्ट बेअरिंग नसेल तर सगळा जोर याच दोघांवर येतो, आणि काटा अर्धा परत येऊन मध्येच थांबतो. तेव्हा नट आणि फ्रेम दोन्ही सोडा, आधी स्क्रूचं टोक बोटाने पुढे-मागे ढकलून बघा.